बंगळूरची कांबळी

—अहो, तिथून नका येऊ! त्या दोन रेघांच्या मधून या. हां, तसे. सरळ. डावीकडं ठिपके, उजवीकडं ठिपके, मधली वाट तुमची. नाही हो, रांगोळी मोडेल म्हणून नव्हे, रांगोळी काय, उद्या पहाटे परत घालायचीच आहे — जिभेला वळण पडलंय तसं सांगायचं, एवढंच. बसा. इथं तिण्णैवर बसा, सावली आहे. आमच्या बंगळूरला आम्ही कट्टा म्हणतो, इथं आल्यापासून तिण्णै म्हणायला शिकले. इथं आल्यापासून बरंच काही म्हणायला शिकले. काय म्हणालात? — अय्यो, तुम्ही मराठी? आपल्यातले? मग मघापासून मी आपली मोडक्या तमिळमधून 'वांगो वांगो', या या, करत होते ते गालातल्या गालात हसत ऐकून घेत होतात होय! तुम्ही तरी काय, नाव सुब्रमण्यम सांगितलंत, कपाळावर एवढी विभूती, मी ओळखणार कशी? बरं झालं. म्हणजे, बरं झालं की वाईट झालं ते अजून ठरायचंय. आपल्यातला माणूस म्हटला की त्याची एखादी आत्या याच गल्लीत राहत असणार. — राहते? कितव्या घरात? — बघा. थोरल्या मामंजींच्या हरिकथेला पहिल्या ओळीत बसतात त्या. मग मी आज जे काही बोलणार नाहीये, ते संध्याकाळपर्यंत राजवाड्याच्या चारी बाजूंना पोचेल. काही हरकत नाही. मी बोलणारच नाहीये.

घरात कोणी नाही. सगळे तिरुवैयारूला गेलेत, आराधनेला, गाण्याच्या उत्सवाला. थोरले मामंजी — म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ — सासूबाई, आणि आमच्याकडचे, म्हणजे माझे यजमान. मामंजी आहेत इथंच, नदीवर गेलेत आंघोळीला, येतील इतक्यात. मी का नाही गेले? घर राखायला कोणी हवं ना. शिवाय मी गरीब. सासूबाई सगळ्यांना सांगतात, 'आमची सून म्हणजे बाहुली गे, तोंड उघडून पाणीसुद्धा मागत नाही.' नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या तेव्हा मला वाटलं, आता मलाही उचलून तिसऱ्या पायरीवर ठेवतात. वैशाखात लग्न झालं माझं. तेव्हापासून या घरात मी जेवढं बोलले असेन तेवढं आज तुमच्याशी या पाच मिनिटांत बोलून झालंय. कापी आणते, थांबा — आणलीच आहे, ही घ्या. डबऱ्यात, या वाटीत, ओतून गार करा.

तर तुम्ही कचेरीतून आलात, मामंजींच्या मेडलांच्या चौकशीला. ठाऊक आहे. याआधी एक जण येऊन गेले, गेल्या महिन्यात. त्यांची बदली झाली, आता तुम्ही. आणि तुमच्या या चौकशीवर फाईल बंद व्हायची, तेही ठाऊक आहे. मामंजींच्या कंपनीचे त्या वर्षांचे कागद कुठंसे लढाईत जळाले, त्यामुळं पलटणीच्या दप्तरात ते बंगळूर सोडून कुठं गेल्याची नोंदच नाही. म्हणून घरबसल्या शिपायाला मिळतं तेवढं एक मेडल त्यांच्या नावावर, आणि ते जे दोन तारे मागतायत, आफ्रिकेचा आणि इटलीचा, ते नाहीत. अर्जदाराचा स्वतःचा शब्द धरत नाहीत, घरच्या दुसऱ्या कोणा जाणत्या माणसानं सांगायला हवं, की हा माणूस समुद्रापार गेला होता की नाही. बरोबर? मग घ्या लिहून. माझ्याकडून पाठ करवून घेतलंय, अगदी शाळेत श्लोक घेतात तसं. ऐका. 'आमचे मामंजी लढाईची सगळी वर्षं बंगळूरच्या सॅपर पलटणीत होते. कोठारावर होते. कांबळी मोजत होते. समुद्र त्यांनी ओलांडला नाही.' झालं. संपलं. एवढंच सांगायचं आणि दार लावून घ्यायचं, असं बजावून गेलेत. दार उघडंच आहे म्हणा अजून. कापी संपवा तोवर.

आणि मी खोटं कशाला बोलेन? मी स्वतः बंगळूरची. बसवनगुडीत वाढले. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील केवढे खूश — व्याही आपल्या गावात इतकी वर्षं राहून गेलेला, ओळखीचा निघेल कोणी ना कोणी. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात, पंगतीत वाढत होते, कोणी बोलत नव्हतं, म्हटलं आपणच धीर करून काहीतरी विचारावं — 'मामंजी, लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन बघायला जात असाल ना दरसाल?' मामंजींनी घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, 'लालबाग? कोणत्या बाजूला येते ती?' अहो, वर्षानुवर्षं बंगळूरात राहिलेला माणूस लालबाग कोणत्या बाजूला ते विचारतो! सासूबाईंनी लगेच त्यांच्या पानात एवढं रसम ओतलं की भाताचा तलाव झाला. मनात म्हटलं, कोठारात खिडक्या नसतील. कांबळी मोजता मोजता मान वर काढायला फुरसत मिळाली नसेल. माणसानं आपल्या सासऱ्याबद्दल नेहमी चांगलाच विचार करावा.

मग ती कांबळी. थोरले मामंजी रोज काढतात. रोज! पंगतीला बसले की — 'काय रे धाकट्या, आज किती कांबळी मोजलीस?' बाहेरचं कोणी आलं की — 'हे आमचे धाकटे. हिटलरला यांनी बंगळूरातून कांबळं फेकून मारलं.' सगळे हसतात. आमच्याकडचे हसतात. मामंजीही हसतात हो, सगळ्यांच्या मागून, थोडं. आणि पुरे झालं की पानावर हात आडवा धरून म्हणतात, 'बास्ता, बास्ता.' सासूबाई मला म्हणाल्या, तुमच्या बंगळूरचं कानडी हो ते, तुला कळत असेल. मला? मी जन्म काढला कानडीत, आम्ही 'साकु' म्हणतो. पण आमच्या कॉन्व्हेंटात एक म्हातारी सिस्टर होती, इटलीहून आलेली, पोरींचा गलका वाढला की टेबलावर हात आपटून ती हाच शब्द ओरडायची. असेल. ती सिस्टरही कदाचित कांबळी मोजत असेल पूर्वी.

लिहिताय का तुम्ही? नका लिहू. पेनाला टोपण घाला. हे आपलं घरातलं बोलणं.

आत या भिंतीवर बघा, इथूनच दिसेल, वाकलात तर — ती तलवार. दिसली? आमच्या पूर्वजांची. राजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून आले ते इथवर. खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य. थोरले मामंजी तिच्यापुढं उभं राहून सगळ्या पोराबाळांना सांगतात की आपलं रक्त शिपायाचं, आपण इथं मुलूख जिंकून आलो, मागून नाही आलो. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. खरंच येतं. मी आल्यापासून ती तलवार एकदाच खाली उतरली, परसातला फणस काढायला. आणि हे सगळं चाललेलं असताना, घरात जो एक माणूस खरोखर लढाईत — म्हणजे खरोखर कोठारात — असलेला, तो मागं खांबाला टेकून पोरांना साखरभात वाटत उभा. कारण काय, तर पूर्वज आले ते नद्या ओलांडून आले. गोदा, कृष्णा, कावेरी, सगळ्या. त्या चालतात. समुद्र ओलांडला की मात्र माणूस बाटतो, श्राद्धाच्या पंगतीतून उठतो. थोरले मामंजी फार कडक आहेत त्या बाबतीत. त्यांची हरिकथा ऐकायला लोक येतात ते त्या कडकपणासाठी. मद्रासला जाताना विळुप्पुरमच्या स्टेशनातल्या कँटीनमध्ये उपमा खातात, पण त्या उपम्याला समुद्र लागत नाही ना मध्ये. रूळ लागतात फक्त.

नाही, त्यांना दोष नाही देत मी. मुळात हे त्यांनी सुरू केलंच नव्हतं. मामंजी परत आले तेव्हा त्यांची आई होती. तिनं दारातच विचारलं म्हणे — पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी — 'समुद्र ओलांडलास का रे?' आणि मामंजी म्हणाले, 'नाही अम्मा. बंगळूरला होतो.' झालं. आईशी बोललेला शब्द. मग गल्लीला तेच, नातलगांना तेच, बायकोला खरं माहीत पण बोलायचं तेच. आई होती तोवर एक अक्षर काढलं नाही कुठं. तिचं वर्षश्राद्ध झालं, ब्राह्मण जेवून गेले, आणि त्याच आठवड्यात मामंजींनी हा अर्ज घातला. स्वतः. कोणाला न विचारता. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं त्यांनी कोणाकडं — आणि मागितलं ते असलं, की दिलं तर थोरल्या भावाला इतकी वर्षं शेजारी बसवून केलेली सगळी श्राद्धं धुऊन काढावी लागतील.

मला कसं कळलं म्हणता? मला काहीच कळलेलं नाही. मी बाहुली. बाहुलीला डोळे मात्र रंगवलेले असतात हो. आत जात्यावर एक कोट टाकलेला असतो, जाड, लोकरीचा. तंजावूरच्या उकाड्यात तो बघूनच घाम फुटतो. जात्यात धूळ जाऊ नये म्हणून झाकण. तो झटकला की शिवणीतून वाळू गळते, बारीक, पिवळी. सासूबाई म्हणतात कावेरीची. कावेरीची वाळू मी रोज भांड्यांना लावते, मला ओळखता येते. असो. आणि मामंजींचं चालणं. तुम्ही त्यांना चालताना पाहिलंय का कधी? बांधावरून, किंवा नदीच्या काठानं? पुढच्या माणसाचं पाऊल जिथं पडलं असेल, नेमकं तिथंच पाऊल ठेवतात. पुढं कोणी असलंच पाहिजे. नसेल तर थांबतात, कोणी गवळी, कोणी पोर जाऊ देतात आणि मग त्याच्या मागून. मी पुढं असले तर माझ्या मागून. सासरा सुनेच्या पावलावर पाऊल ठेवत चाललाय म्हणून गल्लीतल्या बायका पदरात तोंड घालून हसतात. तुमच्या आत्याही हसल्यात, काही वाटून घेऊ नका.

आणि रांगोळी. मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, इथं केवढाले कोलम घालतात तुम्हाला ठाऊकच आहे — भर पहाटे, अंगणभर, आधी ठिपक्यांच्या ओळी, मग रेघा. आमच्याकडं बंगळूरला एवढं नसतं. मी हौसेनं शिकले. पहिल्या दिवशी अंगणभर ठिपके टाकले, ओळीत ओळ, जोडायच्या बाकी होत्या, आणि मामंजी नदीवरून आले. दारात थांबले. मला वाटलं बघतायत, कौतुकानं. बराच वेळ झाला. पंच्यातून पाणी गळतंय, थंडी, आणि हलतच नाहीत. चेहरा असा — कसा सांगू — मी शिंपलेलं तांदळाचं पीठ होतं हो ते, मुंग्यांना घातलेलं. मग वळले आणि सबंध गल्लीला वळसा घालून परसदारानं आत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सासूबाई म्हणाल्या, मोडू नये म्हणून जपतात हो. हो, जपतात. आमच्याकडच्यांना विचारलं, तर म्हणाले, 'अप्पांना सवय आहे.' आमच्याकडचे शाळेत इतिहास शिकवतात, सांगितलं का मी? आफ्रिकेतली लढाई आहे त्यांना शिकवायला. नकाशा घेऊन जातात गुंडाळून, वाळवंटात सुरुंग कसे पेरले होते ते खडूनं ठिपके काढून, आणि सॅपरांनी साफ केलेली मधली वाट दोन रेघा ओढून, मुलांना दाखवतात. हुशार आहेत. घरी येऊन त्याच हातानं अप्पांच्या शेजारी बसून जेवतात आणि कांबळ्यांवर हसतात.

मग चौथ्या दिवशी मी काय केलं, ठिपके टाकायच्या आधी दारापासून तिण्णैपर्यंत दोन पांढऱ्या रेघा ओढल्या, हातभर अंतरानं, आणि मधली जागा मोकळी सोडली. एक ठिपका नाही आत. त्या ठिपक्यांचं मला तेव्हा काही माहीत नव्हतं हो, वाटलं, वाट ठेवून बघावी. मामंजी आले. थांबले. त्या रेघांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि त्यांच्या मधून चालत आले — ताठ, पुढं कोणी नसताना, पहिल्यांदा. तिण्णैवर बसले, पाय पुसले आणि म्हणाले, 'रेघ जरा जाड काढत जा पोरी. पहाटे दिसत नाही. मारिमुत्तूला दिसली नव्हती.' एवढंच. उठून आत गेले. सासूबाईंनी ती रांगोळी पाहिली आणि विचारलं, हे कोणत्या गावचं कोलम गे, मधोमध भांग पाडल्यासारखं? मी म्हटलं, बंगळूरचं.

कापी अजून आणू? बसा हो. निघालात की काय?

मग त्याच मार्गळीत ते पहिले साहेब आले. मीच कापी दिली त्यांना, दाराआड उभी होते. थोरले मामंजी पुढं बसले, शाल वगैरे घालून. साहेबांनी विचारलं, आणि थोरले म्हणाले — अहो, हरिकथेत म्हणतात तशा आवाजात — 'माझ्या भावानं समुद्र तर सोडाच, साधं डबकंसुद्धा ओलांडलेलं नाही. आमच्या घराण्यात ते होत नाही.' सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, 'खरं आहे.' आमच्याकडच्यांना विचारलं. आमच्याकडचे इतिहासाचे मास्तर, ते म्हणाले, 'घरात असंच ऐकत आलोय.' आणि मामंजी मागं परसात केळींना पाणी घालत होते. खिडकी उघडी. सगळं ऐकू जात होतं तिथवर. मी बघत होते. पाणी आळ्यातून भरून वाहायला लागलं तरी त्यांनी तांब्या वर केला नाही. साहेब गेल्यावर आत आले आणि मला म्हणाले, 'पोरी, उद्यापासून रेघा नकोत. मी मागच्या दारानं येईन.'

मी काढत राहिले. रोज. बघताय ना तुम्ही, पोंगल होऊन तै महिना लागला, बाकी गल्लीतली कोलमं आटपून लहान झाली, माझं अजून अंगणभर. हट्टी म्हणतात मला आता. मुकी पण हट्टी. मामंजी काही दिवस मागच्या दारानं आले, मग एक दिवस पुढून आले.

आता तुम्ही म्हणाल — म्हणाला नाहीत, पण तोंडावर दिसतंय तुमच्या — की एवढं काय अडलंय म्हाताऱ्याचं त्या दोन पितळेच्या ताऱ्यांवाचून? छातीवर लावून राजवाड्यापुढं फिरायचंय? मिरवायचंय? मलाही तसंच वाटलं होतं. मी हे सांगणार नव्हते. हे माझ्याकडून पाठ करवून घेतलेल्यात नाही. — तिरुवैयारूच्या अलीकडं एक गाव आहे, कालव्याला लागून. आज सकाळी आमची सगळी मंडळी बसमधून त्याच्यासमोरून गेली असतील, झांजा वाजवत. तिथं मारिमुत्तूची आई राहते. एकटी. तो मामंजींच्या कंपनीत होता. मामंजी त्याच्या मागून चालत होते, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून, आणि तो — रेघ त्याला दिसली नाही. मामंजी बसले त्याच्याजवळ, शेवटपर्यंत. त्यानं आईला सांग म्हणून काही सांगितलं. काय, ते मला माहीत नाही, ते मामंजींनी मला सांगितलेलं नाही. ते तिच्यासाठी आहे. आणि इतकी वर्षं ते तिच्या दारावरून बसनं जातात-येतात. उतरणार कसे? हा माणूस तर बंगळूरला होता!

अम्माचं वर्षश्राद्ध झालं आणि मग ते उतरले. मला घेऊन गेले बरोबर, सुनेला कावेरी दाखवतो म्हणून सांगितलं घरी. म्हातारी गवऱ्या थापत होती. मामंजी हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, मी तुमच्या मुलाबरोबर होतो. तिनं मान वर केली, नीट बघितलं आणि म्हणाली — तमिळमध्ये म्हणाली, पण तसं मराठीत सांगता यायचं नाही, थंडपणे म्हणाली — 'तू राजवाड्यामागचा राव ना? बाजारात तुझा भाऊ सांगतो, तू बंगळूरला कांबळी मोजत होतास. असे पुष्कळ येऊन गेले, माझ्या मुलाबरोबर होतो म्हणत. भात खाल्ला आणि गेले. तुला काय हवंय, भात?' ती आत गेली, एक डबी घेऊन आली, पोस्टानं आलेली — मेलेल्यांची यादी वेगळी असते म्हणे, ती जळली नाही — तिच्यात तो तारा — आफ्रिकेचा. शेणाच्या हातानं डबी उघडून त्यांच्यापुढं धरली. 'हा त्याचा. तू त्याच्याबरोबर होतास, तर तुझा कुठाय?'

अहो, बरोबरच आहे की तिचं. तिच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. मामंजींनी त्या ताऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'आणतो.' आणि गवऱ्या चुकवत, तिच्याच पावलांवरून मागं आले.

दुसऱ्या दिवशी अर्ज घातला त्यांनी. तो हा अर्ज. तुमच्या मांडीवर आहे तो.

तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं. पोंगलला कळलं मला, तिच्या गावची कोथिंबीरवाली येते ना, तिच्याकडून. म्हणजे थोड्या दिवसांनी मामंजींनी तारा नेला तरी तिला तो हातानं चाचपून बघावा लागेल. आणखी थोड्या दिवसांनी तेही नको. तेव्हा थोरल्या मामंजींना म्हणावं, निवांत हरिकथा करा, आता काही घाई नाही. घराण्याला समुद्राचा एक शिंतोडा उडणार नाही. पंगतीत सगळे चोख बसतील, आणि मधोमध बसून एक माणूस 'बास्ता, बास्ता' म्हणेल, बंगळूरच्या कानडीत.

टोपण काढलंत वाटतं पेनाचं? — मी नाही म्हटलं होतं. — असू दे. काढलंत तर काढलंत.

सांगा, काय लागतं तुम्हाला? घरच्या जाणत्या माणसाची जबानी. सून जाणती धरतात का हो तुमच्या कायद्यात? लग्नाला वर्ष नाही झालं, तरी? मग धरा. नाही, ते पाठ केलेलं नको, ते खोडा. हे घ्या — ओलांडला म्हणून. जातानाही ओलांडला आणि येतानाही ओलांडला. कसं माहीत म्हणून विचारतील ना वरचे? लिहा, त्यांना चालताना पाहिलंय म्हणून. आणि मारिमुत्तूच्या आईचं गाव लिहा, तिच्याकडं जा, तिला विचारा की हा माणूस आला तेव्हा तिनं न सांगता त्यानं तिच्या मुलाबद्दल काय काय सांगितलं. — सांगितलंच नाही म्हणता? हो, नाहीच सांगितलं. तिनं सांगूच दिलं नाही. मग असं करा, जाताना मामंजींनाच बरोबर न्या. तिच्यापुढं बसवा दोघांना, तुम्ही सरकारी माणूस मध्ये बसा. तुमच्यादेखत त्याचा निरोप सांगू देत. आपल्या पोराचं बोलणं आईला ओळखू येतं, त्याला तारा लागत नाही. ती जे म्हणेल ते लिहा. तिची जबानी माझ्यापेक्षा जड पडेल, नाही का?

माझं काय होईल? काय व्हायचंय! संध्याकाळी तुमच्या आत्यांना कळेल, रात्रीच्या पंगतीत थोरल्या मामंजींना कळेल. फार तर मला परत बंगळूरला पाठवतील. पाठवू देत की. मला तिथं लालबाग कोणत्या बाजूला ते माहीत आहे. — आणि आमच्याकडचे काय म्हणतील ते मला खरंच माहीत नाही. ते एक बघायचंय मला. इतिहासाचे मास्तर आहेत. निदान विचारतील तरी बापाला, काय काय झालं म्हणून. नाही विचारलं, तर तेही कळलं.

आणा, कुठं करायची सही? इथं? वसुमती. हो, वसुमती म्हणून माझं नाव आहे. या घरात कोणी घेत नाही, म्हणून लिहिताना जरा नवं वाटतं. — मामंजींचं नाव? ते मी कसं घेऊ, सासऱ्याचं नाव! तुमच्या कागदावर आहे की, तुम्ही वाचा. हो. तेच. वेंकटराव. बघा, घेतलं तुमच्यामुळं. समुद्र ओलांडला मीही.

थांबा. फाटक वाजलं. बोलू नका. आले ते. वळून बघू नका असे, नुसते इथूनच, हळूच — बघा, कसे थांबलेत. रेघा बघतायत. आज जाड काढल्यात मी, चांगल्या बोटभर. — आता बघा. — बघितलंत?

या मामंजी. पंचा द्या, वाळत घालते. — कोण? हे होय? कोणी नाही हो. वाट चुकले होते. बंगळूरचा रस्ता विचारत होते, मी म्हटलं, तो रस्ता नव्हे हो, तिरुवैयारूकडचा घ्या. निघालेच आहेत. तुमच्या सोबतीनं जायचं म्हणतायत तिथवर. वाटेत कालव्याजवळ उतरायचंय त्यांना, ओळखीचं कोणी नाही तिथं त्यांच्या. — जा हो तुम्ही, उठा आता. कापी संपली कधीच. जाताना त्या दोन रेघांच्या मधून जा, मामंजी पुढं होतील.